सासूबाईंचं औषधदान

सासरे गेले आणि वर्षभराने सासूबाई नामपूरचं घर बंद करून आमच्याकडे इंदिरानगरला कायमच्या राहायला आल्या. सोबत दोन बॅगा होत्या. एकीत साड्या. दुसरी रिक्षातून उतरवताना माझा खांदा निखळायची वेळ आली.

"मामी, यात काय आहे?"

"जावईबापू, जपून. औषध आहे त्यात."

औषध म्हणजे गोळ्यांचं एखादं पाकीट, फार तर एखादी बाटली, अशी माझी समजूत. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. तिला सगळं ठाऊक होतं.

सासऱ्यांचं नामपूरला मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर किराणा दुकान होतं. कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन आलेली माणसं लिलाव होईपर्यंत दुकानाच्या ओट्यावर टेकायची. उन्हात बसून कुणाचं डोकं चढायचं, कुणाला पित्त व्हायचं, गोण्या उतरवताना कुणाचा पाय मुरगळायचा. त्यामुळे साबण आणि बिडीबंडलांच्या शेजारी डोकेदुखीच्या गोळ्या, बाम, खोकल्याच्या वड्या, ग्राइप वॉटर असा माल कायम असायचा. तेल-डाळ सासरे बघायचे. औषधांची बाजू मामींकडे. समोरच्याचं तोंड बघून काय द्यायचं ते त्या ठरवत आणि गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू देतीलच असं नसे. दुकान बंद झालं तेव्हा फळ्या-तराजू भाच्याने नेले, डाळ-तांदूळ विकले गेले आणि औषधांची बाजू मामींनी बॅगेत भरली. पुढे त्यात नातेवाइकांची भर पडली. कुणी आजारातून उठलं, की उरलेल्या गोळ्या "फेकू नका, मामींना द्या" म्हणून नामपूरला रवाना होत.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर तयार माल तपासायचा आणि जरा कमी-जास्त दिसला की नापास करायचा, हे माझं काम. कारखान्यात माझ्या नावाने लोक बोटं मोडतात. पण घरी त्या बॅगेतली एक गोळीही नापास करायची माझी हिंमत झाली नाही. जावयाने सासूच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, हे मला लग्नाच्या आधीच पढवलेलं होतं. तेव्हा मामींनी हॉलमधल्या शोकेसचा खालचा कप्पा मागितला, मी दिला. मग वरचा मागितला. तोही दिला.

पहिले काही दिवस त्यांना करमेना. शेजारी दार लावून बसलेले, रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही. मग त्यांना सोसायटीच्या गेटजवळचा सिमेंटचा बाक सापडला. संध्याकाळी पिशवी घेऊन त्या बाकावर बसू लागल्या. वॉचमनच्या गुडघ्याला बाम लागला. धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या डोकेदुखीला गोळी गेली. आठवड्याभरात बाकासमोर दोन-चार माणसं उभी दिसू लागली आणि मामींच्या चेहऱ्यावर रंग आला. जेवताना त्या खुशीत सांगत, "आज चांगली गर्दी झाली."

बायको धास्तावली. "आई, तुला काय कळतं त्यातलं? कुणाला काही झालं म्हणजे?"

"इतकी वर्षं काय झालं?" मामी म्हणत. "नामपूरची निम्मी माणसं माझ्या हातची आहेत."

हे असंच चालू राहिलं असतं, पण आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पित्त झालं.

सेक्रेटरी हे बोलण्याचा दांडगा नाद असलेले गृहस्थ. वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर बोलायला उभे राहिले, की लोक घरी फोन करून कुकर लावायला सांगतात. त्या रविवारी सभेआधी ते गेटवरून जात होते. छातीत जळजळतंय म्हणाले. मामींनी पिशवीतून गोळी काढून दिली. ती पित्ताची नव्हती, सर्दीची होती. दोन्ही गोळ्यांचा रंग पिवळा, आणि मामींचा चष्मा वर घरी राहिलेला.

सभा सुरू झाली. सेक्रेटरी उठले, "बंधू-भगिनींनो" म्हणाले, खाली बसले आणि झोपले. घोरू लागले. चेअरमननी दोनदा हलवून पाहिलं. मग सगळे ठराव पटापट मंजूर झाले आणि लोक चहा-वेफर्स घेऊन बाहेर पडले. जाता जाता कुणीतरी मामींना वाकून नमस्कार केला.

आम्ही दोघं मात्र हादरलो. बायको सेक्रेटरींच्या घरी जाऊन बसली. ते छान झोप काढून उठले, ताजेतवाने दिसले आणि "आजींची गोळी जालीम आहे, पुढच्या वेळी अर्धीच घेईन" म्हणाले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. घरी येऊन तिने मला बेडरूममध्ये ओढलं आणि दार लावलं.

"ती शोकेस रिकामी झाली पाहिजे."

"तू सांग. तुझी आई आहे."

"तू सांग. जावयाचं ऐकते ती."

मामी माझं ऐकतात, ही बातमी मला नवीन होती.

सुटका कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने केली. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या वस्तीत, समाजमंदिराच्या हॉलमध्ये, दर रविवारी काही डॉक्टर मिळून मोफत दवाखाना चालवतात. कंत्राटी कामगार, बांधकामावरची माणसं, पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं तिथे येतात. "त्यांना साधी, चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं लागतात," तो म्हणाला. "तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, मलम, कापूस, बँडेज. पण पाकीट फोडलेलं नको आणि तारीख उलटलेली नको. तिथल्या डॉक्टर मॅडम फार कडक आहेत."

शेवटची दोन वाक्यं मी मामींपर्यंत पोचवली नाहीत. मी एवढंच म्हणालो, "मामी, एका गरिबांच्या दवाखान्याला औषधं हवी आहेत. तुमच्याएवढा साठा नाशकात कुणाकडे नसेल."

मामींनी थोडा विचार केला. "म्हणजे दान?"

"दानच."

"मग नीट करू."

नीट म्हणजे काय, ते रविवारी सकाळी कळलं. मामी पहाटे उठून न्हाल्या होत्या. लग्नाकार्यात नेसतात ती जांभळी साडी नेसल्या होत्या. बॅग पुसून पाटावर ठेवलेली होती आणि तिच्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. बायकोच्या हातात नारळ. "औषधाचं दान लहान नाही," मामी म्हणाल्या. मी गाडीची डिकी उघडली, तर त्यांना ते पटलं नाही. बॅग पुढच्या सीटवर बसली आणि मामी लेकीबरोबर मागे.

दवाखान्यात गर्दी होती. बाकांवर माणसं, भिंतीला टेकलेली माणसं, पंख्याखाली पोरांना घेऊन बसलेल्या बाया. समोर टेबलाशी डॉक्टर मॅडम. तिशीच्या असतील. केस घट्ट बांधलेले, बाह्या वर सरकवलेल्या. मामींनी बॅग टेबलावर ठेवली, नारळ तिच्यापुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घे बाई. सगळं तुझंच."

"अरे वा, आजी!" मॅडमना खरंच आनंद झालेला दिसला. त्यांनी चेन उघडली. पहिली बाटली उचलून तिचं बूड पाहिलं. मग दुसरी. मग खुर्ची पुढे ओढून त्या नीट बसल्या आणि पायाशी असलेला लाल डबा जवळ सरकवला. ती हालचाल माझ्या ओळखीची होती. मी कारखान्यात तशीच खुर्ची ओढतो.

"आजी, हे ग्राइप वॉटर कधीचं आहे?"

"ह्याच्यावर माझी ही पोरगी वाढली," मामींनी अभिमानाने लेकीकडे बोट दाखवलं.

मॅडमनी बायकोकडे पाहिलं. बायकोच्या कानशिलांवर पांढरे केस आहेत. बाटली लाल डब्यात गेली.

"अगं, भरलेली आहे ती!"

"मुदत संपलीय, आजी."

"मुदत तर बाटलीवर लिहिलीय. आतल्या औषधाला काय माहीत?"

बाकावरचा एक म्हातारा मोठ्याने हसला. मामींना वाटलं, आपल्या बाजूने हसतोय. त्यांनी त्याला मान हलवून दाद दिली.

त्यानंतर डब्यात पडण्याचा आवाज थांबेना. अर्ध्या वापरलेल्या खोकल्याच्या बाटल्या. कापलेल्या पट्ट्या, ज्यांवर नाव अर्धवट उरलं होतं. कुणाकुणाच्या शुगरच्या, प्रेशरच्या, झोपेच्या गोळ्या. त्या तर मॅडमनी वेगळ्या काढून कुलपाच्या खणात टाकल्या. प्रत्येक वस्तूला मामींकडे इतिहास होता. ही भावाच्या ऑपरेशनची. ही विहिणीची, ती दोनच खाऊन बरी झाली. मॅडम "हं" म्हणत आणि टाकत. शेवटी एक मोठी ट्यूब निघाली. मॅडमनी ती उजेडाकडे धरून वाचली, पुन्हा वाचली.

"आजी, हे म्हशीच्या सडांना लावायचं मलम आहे."

"मग? माझ्या टाचा त्याच्यावरच बऱ्या आहेत."

आता अख्खा हॉल हसला. ह्या वेळी ते हसू कुणाच्या बाजूचं आहे, हे मामींना कळलं. त्या ताठ झाल्या. एरवी त्या माझ्याशी, बाहेरच्यांशी शहरी मराठी बोलतात. राग आला की थेट बागलाणच्या अहिराणीत जातात.

"मनं औषध नासकं शे का? तुले काय समजस?"

मॅडमचा हात थांबला. "आजी, मी तुमच्या औषधाला नावं ठेवत नाही. पण जुन्या गोळीने गुण नाही आला, तर माणूस परत येईपर्यंत उशीर होतो. इथे येणाऱ्याला दुसरीकडे जायला जागा नसते. त्याला मी बरं असलेलंच द्यायला हवं ना?"

बॅगेतून टेबलावर शेवटी उरला तो कापसाचा गुंडाळा, बामच्या नव्या डब्या आणि ओआरएसची पाकिटं. ती पाकिटं बायकोने आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणून गुपचूप आत सरकवली होती. मॅडमनी ती दोन्ही हातांनी उचलली. "ह्याची आम्हाला फार गरज असते. थँक यू, आजी."

मामींना ती पाकिटं आपली नाहीत हे ठाऊक होतं. त्या लेकीकडे बघेनात. "चला, निघू," मी हळूच म्हणालो. पण त्या उठल्या त्या दाराकडे न जाता भिंतीजवळच्या बाकाकडे गेल्या आणि रिकामी बॅग मांडीवर घेऊन बसल्या. जांभळ्या साडीत, पाठ ताठ, ओठ मिटलेले. मला त्यांचं फार वाईट वाटलं. दुकान बंद झालं त्या दिवशीही त्या अशाच बसल्या होत्या, असं बायकोने नंतर सांगितलं.

त्यांच्या शेजारी एक वेल्डर बसला होता. बिहारकडचा, दाराएवढा माणूस. जुलाबाने गळून गेला होता. मॅडमनी त्याला तपासून ओआरएसच्या पाण्याचा जग दिला होता आणि घोट घोट पीत राहा म्हणून सांगितलं होतं. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि जग खाली ठेवला.

"मॅडम, सलाईन चढा दो ना. पानी से क्या होगा?"

"सलाईनची गरज नाही. हेच प्या."

"तो सुई लगा दो."

मॅडम पुढच्या पेशंटकडे वळल्या होत्या. वेल्डर मान टाकून बसला. मामी थोडा वेळ त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत राहिल्या. मग बॅग खाली ठेवली, जग उचलला, ग्लास भरला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"पियो."

"माँजी, अच्छा नहीं लगता."

"औषध है, बासुंदी नही है! पियो."

"सलाईन से जल्दी ठीक होता है, माँजी."

"सलाईनमें क्या रहता है? येच रहता है! मीठ और पानी! नळीसे गया तो औषध, और तोंडसे गया तो नही?"

वेल्डरने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. त्याने ग्लास तोंडाला लावला.

"सगळा एकदम नको. थोडा थोडा. हां. अब दुसरा घोट."

"माँजी, बाद में…"

"बाद में क्या? मेरेको घर नही है क्या? पियो."

तो पीत गेला. मध्ये थांबला की मामी त्याच्या घरची चौकशी करत. बायको कुठे, पोरं किती, जेवण कोण करतं, कालचा भात का खाल्ला. उत्तर दिलं की एक घोट. जग अर्ध्याच्या खाली आला तेव्हा तो सरळ बसला होता. मॅडम टेबलावरून हे सगळं बघत होत्या. गर्दी जरा ओसरल्यावर त्या उठून आल्या.

"आजी, पुढच्या रविवारी मोकळ्या आहात का?"

"कशाला?" मामींचा राग अजून पुरता उतरला नव्हता. "माझं औषध तर सगळं टाकलं तुम्ही."

"औषध आहे माझ्याकडे. ते पाजणारं माणूस नाही. मी दिलेलं निम्मे लोक घेतच नाहीत. सगळ्यांना सुई हवी असते."

"ते तर मार्केटात पण तसंच होतं," मामी म्हणाल्या. मग रिकाम्या बॅगेची चेन लावत, "मी बसेन. पण मला काय द्यायचं ते तुम्ही सांगायचं. माझा चष्मा जरा दगा देतो."

सेक्रेटरींना दिलेल्या चुकीच्या गोळीबद्दल त्यांनी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. पहिल्यांदा हे त्या बोलल्या, तेही डॉक्टरांना.

तेव्हापासून दर रविवारी मामी दवाखान्यात असतात. गोळी त्या स्वतःच्या मनाने कुणालाही देत नाहीत. मॅडमनी सांगितलेली गोळी समोर बसवून गिळायला लावतात आणि "आ कर" म्हणून जिभेखाली बघतात. इथपर्यंत सगळं ठीक झालं. पण त्याचबरोबर मामींना तारखेचं वेड लागलं.

नव्या भिंगाचा चष्मा आला. शोकेसमधला उरलासुरला माल त्यांनी स्वतः बाहेर काढला. मग फ्रीज. सॉसची बाटली, इनोची पाकिटं, बेकिंग पावडर. मग बाथरूम. माझा डिओ, बायकोचं गोरं होण्याचं क्रीम. "दोन वर्षं उलटली ह्याला," मामी म्हणाल्या, "तरीच." बायको दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मग त्यांनी सोसायटीकडे मोर्चा वळवला. गेटजवळच्या बाकावर आता औषध मिळत नसे, औषध गोळा होत असे. लोक हौसेने पिशव्या घेऊन आले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत गेले. सेक्रेटरी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन आले. मामींनी ती हलवून पाहिली.

"उघडलेली आहे."

"दोनच चमचे घेतलेत, आजी. बाकी भरलेली आहे."

"उष्टं औषध दान करता?"

"उष्टं कसं? चमच्याने घेतलं."

"चमचा कुणाचा?"

सेक्रेटरी म्हणजे कुणासमोर शब्द न संपणारा माणूस. पण ते निमूट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि ओआरएसची नवी पाकिटं घेऊन आले. मामींनी प्रत्येक पाकीट उलटून तारीख पाहिली, एक परत केलं. "ह्याला थोडेच महिने राहिलेत. बदलून आणा." ते बदलून आणायला गेले. मी वरून गॅलरीतून हे बघत होतो. इतकी वर्षं मी माल नापास करतोय, पण नापास झालेल्याने स्वतःहून बदली माल आणून दिल्याचं मला आठवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या मुलाच्या लग्नाला मामी नामपूरला गेल्या. बायकोही गेली. मला सुट्टी मिळाली नाही. जाताना मामींनी मला बजावलं, "रविवारी माझ्या जागी तुम्ही बसा. काही अवघड नाही."

मी बसलो. पहिलीच आली ती बांधकामावर काम करणारी एक बाई. उन्हाने चक्कर येऊन पडली होती. मॅडमनी तपासलं, गोळी दिली, ओआरएसचा जग माझ्याकडे सरकवला. मी ग्लास भरून अदबीने पुढे केला.

"घ्या ना ताई."

"नको भाऊ, लय खारट लागतंय. सुई द्यायला सांगा."

"ताई, हे फार उपयुक्त असतं. शरीरातलं क्षारांचं प्रमाण…"

तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तुम्ही डॉक्टर हाय का?"

"नाही. मी आजींचा जावई."

"मग आजींना बोलवा."

आजी नाहीत म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. मॅडम गालात हसत होत्या. शेवटी मी फोन लावला. पलीकडून बँडचा आवाज, त्यात कुणीतरी कुणाला हाका मारतंय. मामींना परिस्थिती सांगायला मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सासूवर ओरडावं लागलं. त्या म्हणाल्या, "फोन तिच्या कानाला लावा." मी आवाज मोठा केला आणि फोन त्या बाईसमोर धरला.

"कोण आहे गं? पीत का नाहीस?"

बाई दचकून सरळ बसली. "आजी, खारट…"

"उन्हात घाम गेला तो काय गोड होता? घे ग्लास. घेतला का?"

"घेतला."

"एक घोट पी. मला ऐकू आलं पाहिजे."

तिने एक घोट घेतला, चांगला आवाज करून. हॉलमधले सगळे गप्प होऊन ऐकत होते. बँड जोरात वाजू लागला.

"हां. आता दुसरा. जावईबापू, तिच्यासमोरून हलू नका. आणि तुम्ही पण एक ग्लास प्या, आवाज बसलाय तुमचा. चला, ठेवते, इकडे नवरदेव घोड्यावरून उतरंना झालाय, त्याच्याकडे बघायला पाहिजे."

फोन बंद झाला. बाई माझ्याकडे बघत होती, हॉल माझ्याकडे बघत होता. मी दुसरा ग्लास भरला आणि प्यायलो. खरंच खारट लागतं.